शाईचा रंग आणि कागदाची खळ

शाईची बाटली विकत घेणारा मनुष्य तिच्यावरील चिठ्ठी वाचतो, फार तर बाटली उजेडासमोर धरून आतील द्रवाची छटा निरखतो, आणि हा रंग आपणास मानवेल की नाही याचा निर्णय दुकानाच्या फळीवरच करून टाकतो; परंतु ज्या कागदावर तो रंग पुढे वर्षानुवर्षे राहावयाचा असतो त्या कागदाची चौकशी तो सहसा करीत नाही, आणि केलीच तर पाने किती व किंमत किती एवढ्या दोन प्रश्नांत ती आटोपते. मग तीच निळी शाई एका वहीत गडद व तजेलदार उमटते आणि दुसऱ्या वहीत धुरकट, विटलेली, कडांना केसाळ फाटे फुटलेली दिसते, तेव्हा तक्रार शाईविरुद्ध होते. बाटली बदलली जाते, पेन बदलले जाते, लिहिणारा शाळकरी मुलगा असेल तर त्याच्या हाताला बोल लावला जातो, आणि कागदाकडे कोणी जाब मागत नाही. झरणीच्या शाईचा रंग सिद्ध होण्यात कागदाचा वाटा शाईच्या वाट्याहून कमी नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि ज्या राज्यात पुष्कळ शाळा अक्षर वळणदार व्हावे म्हणून आजही मुलांच्या हाती शाईचे पेन देतात, त्या राज्यात वहीचा कागद शाई पेलू शकतो किंवा नाही याची नोंद वहीच्या वेष्टनावर छापलेली असली पाहिजे, अशी माझी मागणी आहे.

झरणीच्या शाईचा बहुतेक भाग पाणी असतो. त्यात विरघळलेले रंगद्रव्य, ओघ सुरळीत राहावा म्हणून घातलेली थोडी रसायने आणि बुरशी धरू नये म्हणून मिसळलेले एखादे परिरक्षक, एवढाच तिचा बाकीचा ऐवज. रंगद्रव्य पूर्णपणे विरघळलेले असल्यामुळे शाईचा थर पारदर्शक असतो. भिंतीला दिलेला तैलरंग आपल्या कणांवरून प्रकाश परतवतो आणि खालची भिंत झाकून टाकतो. शाई काहीच झाकीत नाही. वाळलेल्या अक्षरावर पडलेला प्रकाश शाईच्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या तंतूंवर आदळून विखुरतो आणि त्याच थरातून पुन्हा वर येतो. जाताना व येताना अशा दोन्ही वेळा रंगद्रव्य त्यातील काही किरण शोषून घेते, आणि जे किरण उरून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतात त्यांनाच आपण शाईचा रंग म्हणतो. ज्या प्रकाशाने शाई दिसते तो प्रकाश कागदाने परत पाठविलेला असतो, ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे कागद बदलताच रंग का बदलतो याचे अर्धे उत्तर मिळते.

पिवळसर छटेच्या कागदावर निळी शाई किंचित हिरवटपणाकडे किंवा करड्या रंगाकडे झुकते, आणि तोच कागद तपकिरी किंवा गर्द तांबड्या शाईला एक प्रकारची ऊब देतो, याचे कारण हेच. उलट बाजूने, ज्या कागदाची शुभ्रता डोळ्यांत भरावी म्हणून लगद्यात प्रकाशवर्धक रसायने मिसळलेली असतात, तो कागद सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांच्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतो. अशा कागदावर नारिंगी, पिवळ्या व तपकिरी शाया थंड व फिकट भासतात, आणि ज्या दिव्यात अतिनील किरण नसतात त्या दिव्याखाली रात्री तेच पान पाहिले तर रंग पुन्हा निराळा दिसतो. ज्याला आपली शाई खिडकीशी एक आणि मेजावरच्या दिव्याखाली दुसरी वाटते, त्याने आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही.

तथापि कागदाचा पांढरेपणा हा या प्रकरणातील दुय्यम मुद्दा आहे. मुख्य मुद्दा खळीचा आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा एकमेकांत गुंतलेला थर, आणि तंतूंतील सेल्युलोजला पाण्याची ओढ उपजतच असते. त्या ओढीला आवर घालणारे कोणतेही द्रव्य कागदात नसेल तर तो टिपकागद होतो, आणि टिपकागदावर लिहू पाहणाऱ्याच्या पदरी अक्षराऐवजी डाग येतो. म्हणून कागद लिहिण्याजोगा करण्यासाठी त्याला खळ द्यावी लागते. पूर्वी ती तांदळाची किंवा गव्हाची असे, युरोपात जनावरांच्या चामड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाची असे. पुढे राळ आणि तुरटी यांची जोडी आली, आणि आता कारखान्यांत लगद्यातच मिसळली जाणारी संश्लिष्ट रसायने व वरून दिला जाणारा पिष्टाचा हात असे दोन्ही प्रकार रूढ आहेत. खळ उत्तम असेल तर शाईचा थेंब काही क्षण कागदाच्या पृष्ठभागावर तरंगत राहतो, सावकाश वाळतो, आणि त्यातील सारे रंगद्रव्य अरुंद जागेत, तंतूंच्या माथ्यावर, दाट थराने बसते. खळ दुर्बल असेल तर थेंब पडताक्षणी तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्या त्याला खाली व बाजूंना ओढून नेतात; तेवढेच रंगद्रव्य मग दुप्पट रुंदीत पसरते, शिवाय ते खोलवर जाते, आणि वरच्या कोऱ्या तंतूंवरून परतणारा पांढरा प्रकाश त्याच्या रंगात मिसळतो. रंग फिका होतो आणि त्यावर एक करडी मलूल छाया येते. ज्याला लोक शाईचा उतरलेला रंग म्हणतात तो बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. शाई फुटणे आणि पानाच्या पाठीवर उमटणे ही त्याच प्रकाराची अधिक उघड लक्षणे होत.

एका अक्षरातच गडद आणि फिकी अशा दोन छटा खेळताना दिसणे, हे शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांना फार प्रिय असते, आणि बॉलपेनापाशी नसलेली अशी ती गोष्ट आहे यात शंका नाही. वेलांटीचे वळण संपते किंवा काना खाली येऊन थांबतो तेथे शाई क्षणभर अधिक साचते. चांगल्या खळीच्या कागदावर हा साठा सावकाश आटतो, आटताना रंगद्रव्य कडांकडे सरकते, आणि रेषेचा शेवट व तिचे काठ मधल्या भागापेक्षा गर्द होतात. जो कागद शाई अधाशीपणे पितो त्यावर साठा होण्यास अवधीच मिळत नाही, सबब तेथे सारी अक्षरे एकाच सपाट छटेची होतात. याच क्रियेची पराकाष्ठा म्हणजे काही गडद निळ्या शायांवर दिसणारी तांबूस झळाळी. रंगद्रव्याचा दाट कोरडा पापुद्रा पृष्ठभागावर बसला म्हणजे तो ज्या किरणांना आत शोषतो त्यांचाच काही अंश वरच्यावर परतवू लागतो, आणि निळ्या शाईवर तिरप्या उजेडात तांब्याची चकाकी दिसते. जपानमध्ये तोमोएगावा कंपनीने काढलेला ‘तोमोए रिव्हर’ नावाचा कागद याच गुणामुळे जगभर नावाजला गेला. त्याचे वजन चौरस मीटरला अवघे ५२ ग्रॅम, हातात घेतला तर मागचे अक्षर पुढे दिसावे इतका तो पातळ, आणि तरीही त्यावर शाई फुटत नाही, आरपार जात नाही, व इतर कागदांवर ज्या शायांची झळाळी कधी कोणी पाहिली नसेल ती त्यावर सहज दिसते. या कागदाच्या वजनाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

माझ्या संग्रही एकाच बाटलीतील निळ्या-काळ्या शाईने, एकाच पेनाने, निरनिराळ्या कागदांवर लिहिलेला एकच मजकूर आहे, आणि तो शेजारी-शेजारी मांडला म्हणजे पाहणाऱ्याला या शाया वेगवेगळ्या आहेत असे वाटल्याखेरीज राहत नाही. जुन्या हिशेबी वहीच्या लेजर कागदावर तो मजकूर खोल, जवळजवळ काळसर निळा आहे. शाळेच्या वहीच्या साध्या क्रीमवोव्ह कागदावर तो राखेची पूड भुरभुरावी तसा निस्तेज आहे. छायाप्रतीच्या कागदावर रेषा जाड व कडा करवतलेल्या आहेत. आणि लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत, लेप दिलेल्या कार्डावर रंग सर्वांत भडक असला तरी शाई इतक्या उशिरा वाळली की बोटाच्या ठशाने तिसरी ओळ पुसट झाली. या पानांकडे बारकाईने पाहू लागल्यावर आणखीही काही गोष्टी दिसतात. त्याच एका पानाच्या दोन बाजूंवर रंग सारखा नाही, कारण यंत्रावर कागद तयार होत असताना त्याची एक बाजू जाळीकडे असते व तिच्यातील बारीक तंतू आणि भरण पाण्याबरोबर काही अंशी निघून जाते. पाठपोट लिहिणाऱ्याला एक बाजू बरी व दुसरी वाईट का वाटते, याचा उलगडा येथे होतो. पानाच्या तळाकडील ओळी वरच्या ओळींहून फिक्या व मधूनच तुटक आहेत, कारण लिहिताना तळहात तेथे टेकलेला असतो आणि त्याची स्निग्धता कागदात उतरून शाईला दूर लोटते. जुने कारकून लिहिताना हाताखाली एक कोरा तुकडा ठेवीत ती सवय निव्वळ टापटिपीची नव्हती. आणि कोकणातील ज्यांनी आषाढात वही उघडून लिहिले असेल त्यांना हे सांगावयास नको की दमट हवेने ओलसर झालेला कागद चैत्रात जी शाई नीट पेलत होता तीच आता फोडू लागतो.

शाईच्या बाटलीत एकच रंगद्रव्य असते असे समजणे चुकीचे आहे. काळी, जांभळी, हिरवी, निळी-काळी या शाया बहुधा दोन-तीन किंवा अधिक रंगद्रव्यांच्या मिश्रणाने सिद्ध होतात, आणि त्यांतील प्रत्येकाचे सेल्युलोजशी असलेले सख्य निराळे असते: एक तंतूला चटकन चिकटून बसते, दुसरे पाण्याबरोबर लांबवर वाहत जाते. रसायनशाळेत कागदाच्या पट्टीवर मिश्रणातील घटक वेगळे करण्याची जी पद्धत १९४४ मध्ये इंग्लंडात मार्टिन व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि ज्या मूळ तत्त्वाच्या शोधाबद्दल मार्टिन व सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तीच क्रिया लहान प्रमाणात प्रत्येक शोषक कागदावर प्रत्येक अक्षराभोवती घडत असते. काळ्या शाईच्या रेषेला निळी किंवा तपकिरी किनार दिसते ती यामुळेच. जपानी सेलर कंपनीची १२३ क्रमांकाची शाई तर याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. एका कागदावर ती फिकी जांभळी, दुसऱ्यावर हिरवट करडी, तिसऱ्यावर यांच्या मधली दिसते, आणि यांतील कोणता रंग तिचा खरा, या प्रश्नाला कागदाचे नाव घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

कागदाची आम्लता किंवा अल्कता हाही एक स्वतंत्र कारणभाग आहे. मायफळातील द्रव्य आणि हिराकस यांच्या संयोगाने होणारी लोहयुक्त शाई लिहिताना फिकी असते, म्हणून तीत थोडे निळे रंगद्रव्य घालावे लागते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती नंतर काळवंडते व पाण्याने न निघणारी होते. इंग्लंडात जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्यांसाठी ही शाई वापरली जात असे ती याच चिरस्थायी गुणामुळे. आता ही शाई आम्ल असते, आणि ज्या कागदात खडूचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, भरण असते तो तिची आम्लता मोडून काढतो. परिणामी तीच शाई अशा अल्क कागदावर लवकर काळी पडते आणि तुरटीच्या आम्ल कागदावर बराच वेळ निळसर राहते. शाळेतील धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईची प्रकृती याहून नाजूक. तिच्यातील रंगद्रव्याच्या रेणूची रचना अल्कतेने बिघडते व रंग नाहीसा होतो. शाई पुसण्याच्या पेनात जे रसायन असते ते याच दौर्बल्याचा फायदा घेते. तेव्हा ज्या पालकांना आपल्या मुलाची निळी शाई एखाद्या वहीत काही महिन्यांत पुसट झालेली दिसते, त्यांनी उन्हाबरोबर कागदाच्या प्रकृतीचाही विचार करावा.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न या स्वरूपात पडला नाही, याचे कारण त्यांची शाईच वेगळी होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडून मोडी पत्रे पाहणाऱ्याला त्यांतील काळेपणा आजही चकित करतो. ती शाई काजळाची होती, डिंकाच्या पाण्यात खललेली, आणि काजळ म्हणजे कार्बनचे न विरघळणारे अपारदर्शक कण. ते कागदाला झाकतात, उजेडाने उडत नाहीत आणि आम्ल-अल्काला दाद देत नाहीत. असे असूनही त्या काळच्या कागद्यांनी खळीच्या बाबतीत हयगय केली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुन्नरास आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या व ताग यांच्या लगद्यापासून ताव काढीत, त्यांना खळ देऊन वाळवीत, आणि मग प्रत्येक ताव गुळगुळीत दगडाने घोटून असा चकचकीत करीत की बोरू त्यावरून अडखळल्यावाचून सरकावा व शाई वरच्यावर राहावी. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस आणली तेव्हापासून हा धंदा तेथे आहे, असे कागजीपुऱ्याची परंपरा सांगते. फडावरच्या कारकुनाला कागद कसा असावा याची पारख होती आणि कागद्याला त्या पारखीची जाणीव होती. लिहिणारा व कागद करणारा यांच्यात तो एक न लिहिलेला करार होता.

काजळाची शाई झरणीच्या अरुंद मार्गात बसून तो बुजवते, म्हणून १८८४ मध्ये वॉटरमनने आपल्या पेनाचे पेटंट घेतल्यानंतर जे पेन जगभर पसरले त्याला विरघळणाऱ्या रंगद्रव्यांची शाई अपरिहार्य झाली, आणि १८५६ मध्ये पर्किनने कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या पहिल्या जांभळ्या रंगानंतर अशी रंगद्रव्ये मुबलक मिळू लागलीच होती. आपल्याकडे १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत घोडा छाप शाईची पूड व वड्या काढून पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून विस्तारलेल्या उद्योगाचा पाया घातला, आणि १९३४ मध्ये बंगालमध्ये मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाई सुरू केली. स्वदेशी शाईचा तो काळ मोठ्या उमेदीचा होता, आणि त्या शायांना सुदैवाने तेव्हाचा कागद अनुकूल होता. कारण कचेरी, शाळा, पेढी, न्यायालय, जेथे लिहिले जाई तेथे टाकाने किंवा झरणीने लिहिले जाई, आणि जो कागद शाई फोडील तो विकला जाणे शक्य नव्हते. इलिग नावाच्या जर्मन कारागिराने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेली राळ-तुरटीची खळ त्या काळातील गिरण्यांचा आधार होती. तुरटीच्या आम्लतेने ते कागद पुढे पिवळे व ठिसूळ झाले, हा तिचा मोठा दोष. पण शाई धरून ठेवण्याचे आपले काम तिने चोख केले.

मग बॉलपेन आले. त्याची शाई तेलकट व घट्ट असते, ती कागदात पाण्यासारखी झिरपत नाही, आणि म्हणून खळ बरी असो वा वाईट, बॉलपेनाची रेषा सर्वत्र जवळजवळ सारखीच उमटते. त्यामागून छायाप्रतीची व लेसर छपाईची यंत्रे आली. त्यांतील कोरडी पूड उष्णतेने कागदावर वितळवून चिकटविली जाते, तिलाही पाण्याला रोखणाऱ्या कागदाची गरज नाही. लिहिणाऱ्या हाताची आणि छापणाऱ्या यंत्राची अशी दोन्ही बाजूंनी मागणी सुटल्यावर, कागदाच्या ज्या गुणाची ग्राहक परीक्षा घेत नाही त्या गुणावर खर्च करण्याचे कारण कारखानदाराला उरले नाही, असा माझा कयास आहे. येथे कारखानदारांवर दुष्ट हेतूचा आरोप करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. बांबू, सुबाभूळ, उसाची चिपाडे, गव्हाचा भुस्सा, रद्दी, अशा मिळेल त्या कच्च्या मालातून स्वस्त वही देणे हेही सामाजिक दृष्टीने मोलाचे काम आहे. आणि रद्दीपासून केलेल्या कागदाचा मी विरोधक नाही, नीट खळ दिली तर तोही शाई उत्तम पेलतो. माझी तक्रार एवढीच की जो गुण गेला तो गेल्याचे ग्राहकाला कोणी कळविले नाही.

उलट त्याला जे कळविले जाते ते दिशाभूल करणारे आहे. वहीच्या वेष्टनावर आज दोन गुणांची जाहिरात असते: कागदाचे वजन आणि कागदाची शुभ्रता. चौरस मीटरला इतके ग्रॅम, हा आकडा जितका मोठा तितका कागद शाईला चांगला, अशी समजूत दुकानदारापासून शिक्षकांपर्यंत सर्वांची झालेली आहे; आणि वर ज्या ५२ ग्रॅमच्या जपानी कागदाचा दाखला दिला तो ही समजूत खोटी ठरविण्यास पुरेसा आहे. जाड कागदाने शाई पलीकडे जाण्यास उशीर होतो इतकेच. ती फुटण्याचे व रंग मलूल होण्याचे थांबत नाही, आणि १०० ग्रॅमच्या छायाप्रतीच्या कागदावर मी शाईचे जे हाल पाहिले आहेत ते पुष्कळ पातळ कागदांवर पाहिलेले नाहीत. शुभ्रतेचे तर शाई धरण्याशी काहीच नाते नाही. लेखनासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूवर लेखनाशी संबंधित असा एकही गुण नोंदलेला नसावा, ही स्थिती मला सहन होण्यासारखी वाटत नाही.

राज्य शासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात पाठ्यपुस्तकांमध्येच नोंदींसाठी कोरी पाने जोडण्याचा प्रयोग केला आणि पुढे तो मागे घेतला. दप्तराचे ओझे, पुस्तकांची किंमत, मुले त्या पानांवर लिहितात की नाही, अशा अंगांनी त्यावर चर्चा झाली. पण छपाईसाठी निवडलेला तो कागद मुलाच्या पेनातील शाई पेलेल काय, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी उपस्थित केल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही. जो विषय धोरण ठरविताना कोणाला आठवत नाही तो बाजारात आपोआप सुधारेल अशी आशा करता येत नाही.

वेष्टनावरील नोंदीच्या माझ्या मागणीवर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की शाईच्या पेनाने लिहिणारे आता थोडे, त्यांच्यासाठी साऱ्या वह्यांचा खर्च का वाढवावा? याला उत्तर असे की मुलांच्या कंपासपेटीत आज जी जेल पेने असतात त्यांची शाईही पाण्याचीच असते, ती देखील कच्च्या खळीच्या कागदावर पसरते व पाठीमागे उमटते. तेव्हा हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा राहत नाही. आणि खर्चाविषयी म्हणावयाचे तर लगद्यात मिसळल्या जाणाऱ्या आधुनिक खळीचे प्रमाण कागदाच्या वजनाच्या एका टक्क्याहूनही पुष्कळ कमी असते. शिवाय जी वही दोन्ही बाजूंनी लिहिण्याजोगी नाही ती निम्म्या पानांचीच वही होय, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला चटकन पटेल. दुसरा आक्षेप वही बांधणाऱ्या लहान कारखानदारांचा असेल, आणि तो अधिक वजनदार आहे: ते कागदाची रिळे आज एका गिरणीकडून व उद्या दुसरीकडून घेतात, मग हमी कशी द्यावी? त्यांना हमी देण्याची आवश्यकता नाही, गिरणीने दिलेला आकडा पुढे कळविला की पुरे. असा आकडा अस्तित्वात आहे. कागदाच्या ठराविक क्षेत्रावर ६० सेकंद पाणी ठेवून तो चौरस मीटरला किती ग्रॅम पाणी पितो हे मोजण्याच्या चाचणीला ‘कॉब’ चाचणी म्हणतात; कागदाच्या प्रयोगशाळांत ती नित्याची आहे, तिला फार मोठी सामग्री लागत नाही, आणि तिचा निकाल कमी असणे म्हणजे खळ चांगली असणे. निव्वळ पाण्याच्या चाचणीने शाईचे सारे वर्तन कळत नाही हे मला मान्य आहे, म्हणून तिच्या जोडीला ठराविक शाईने, ठराविक जाडीच्या टोकाने ओढलेल्या रेषेची कड फुटते काय व ती पाठीवर उमटते काय, एवढी दुसरी नोंद असावी. भारतीय मानकांमध्ये रंगद्रव्याच्या झरणी-शाईसाठी आयएस १२२१ आणि लोहयुक्त शाईसाठी आयएस २२० अशी मानके आहेत, लिहिण्या-छापण्याच्या कागदासाठी आयएस १८४८ हे मानक आहे. शाईच्या मानकातील शाई कागदाच्या मानकातील कागदावर लावून पाहणे आणि तिचा निष्कर्ष वेष्टनावर दोन शब्दांत छापणे, यात कोणतीही तांत्रिक अडचण मला दिसत नाही.

ही तजवीज होईपर्यंत शाळांनी स्वतःच्या अखत्यारीत एक गोष्ट करावी. ज्या शाळा शाईचे पेन सक्तीचे करतात त्यांनी वहीचा नमुना आधी तपासावा आणि मगच पालकांना यादी द्यावी. तपासणीसाठी शाळेची नेहमीची शाई, एक मध्यम टोकाचे पेन आणि एक भिंग एवढे पुरते. पानाच्या दोन्ही बाजूंवर एक ओळ लिहावी, एक वर्तुळ भरून काढावे, शाई पुरती वाळू द्यावी, मग कडा भिंगातून पाहाव्यात, पान उलटून पाहावे, आणि तीच शाई एखाद्या जुन्या लेजर कागदावर लावून रंग ताडून घ्यावा. ही तपासणी एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यात व्हावी, कारण मुले शाळेत लिहू लागतात ती जूनमध्ये, आणि तो महिना कागदाच्या कसोटीचा असतो. तपासलेल्या वह्यांची नावे व निकाल शाळेने सूचनाफलकावर लावावेत, आणि पुढील वर्षीच्या वह्यांसाठी पुरवठादारांकडून दरपत्रके मागविताना पाने, आकार व किंमत यांच्या खाली कॉब चाचणीच्या आकड्यासाठी एक रकाना ठेवावा.